‘वरच्यांना ठाऊक असेलच’: अधिकारापुढे मान तुकवण्याची गोष्ट

१६ ऑक्टोबर १९०६ रोजी बर्लिनजवळच्या क्योपेनिक या गावाच्या नगरपालिकेत प्रशियन सैन्याचा एक कॅप्टन दहाएक शिपाई घेऊन शिरला. त्याने दारांवर पहारे बसवले, महापौरांना अटक केली, खजिनदाराला तिजोरीतली रोकड मोजायला लावली, ती ताब्यात घेतली आणि तिची रीतसर पावतीही लिहून दिली. मग महापौर आणि खजिनदार यांना पहाऱ्यात बर्लिनला रवाना करून, उरलेल्या शिपायांना अर्धा तास जागेवरून न हलण्याचा हुकूम देऊन तो शांतपणे निघून गेला. हा कॅप्टन म्हणजे विल्हेल्म फोग्ट नावाचा जोडे शिवणारा कारागीर होता. त्याच्या आयुष्यातली बरीच वर्षे तुरुंगात गेली होती आणि अंगावरचा गणवेश त्याने जुन्या कपड्यांच्या दुकानांतून जमवला होता. शिपाई मात्र अगदी खरे होते. रस्त्याने चाललेल्या तुकडीला त्याने थांबवले, माझ्यामागे या असे सांगितले आणि ते आले.

हा प्रसंग एक विनोदी चोरी म्हणून सांगितला जातो, पण त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. शिपायांनी गणवेश पाहिला. महापौरांनी शिपाई पाहिले. खजिनदाराने महापौरांना अटक झालेली पाहिली. प्रत्येकाच्या दृष्टीने त्याच्या आधीच्या माणसाचे ऐकणे हाच पुरावा होता, आणि साखळीच्या सुरुवातीला प्रत्यक्षात एक जुना कोट सोडून काहीच नव्हते. फोग्टला चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९०८ मध्ये खुद्द कैसरने त्याला माफी दिली. सम्राटाला या प्रकरणात आपल्या राज्याची फजिती दिसली की आपल्या गणवेशाचा गौरव, हा प्रश्न रंजक आहे.

अधिकारापुढे मान तुकवणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर त्याच्या शेजारच्या दोन गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे भीती. बंदूक रोखलेली असताना माणूस सांगितलेले काम करतो, पण मनात त्याचे मत शाबूत असते आणि बंदूक हलली की तो आपल्या मताप्रमाणे वागतो. दुसरी गोष्ट म्हणजे पटणे. समोरच्याने कारणे दिली, ती तपासली आणि योग्य वाटली, तर आपण जे करतो ते आपल्याच निर्णयाने करतो. मान तुकवण्यात या दोन्ही गोष्टी नसतात. तिथे माणूस त्या प्रश्नावर स्वतःचे मत बनवण्याचे कामच दुसऱ्यावर सोपवतो. ‘त्यांना ठाऊक असेलच’ हे त्याचे मूळ वाक्य आहे. तत्त्वज्ञ त्याला कितीही अवघड नावे देवोत, व्यवहारात ते याच तीन शब्दांत बोलले जाते. या लेखापुरते त्याला अधिकारशरणता म्हणू.

ती वाईटच असते असे समजण्याचे कारण नाही. औषधाच्या गोळीत किती मिलिग्रॅम काय असावे, पुलाचा खांब किती जाड असावा, ग्रहणाची वेळ कोणती, या प्रत्येक बाबतीत स्वतः तपासणी करायला बसलेला माणूस दुपारपर्यंत घराबाहेरही पडू शकणार नाही. ज्ञानाची वाटणी झालेल्या कोणत्याही समाजात बहुतेक गोष्टी बहुतेक लोक विश्वासावरच मानतात, आणि ते शहाणपणाचेच असते. सगळ्यांवर अविश्वास दाखवणारा माणूस स्वतंत्र विचाराचा असतो हा एक गोड गैरसमज आहे. बऱ्याचदा त्याने एका अधिकाऱ्याला सोडून दुसऱ्या, कमी जबाबदार अधिकाऱ्याचे शेपूट धरलेले असते.

हा अधिकार येतो कुठून, याचे जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने केलेले वर्गीकरण आजही उपयोगी पडते. काही ठिकाणी पूर्वापार चालत आले म्हणून ऐकले जाते, काही ठिकाणी त्या व्यक्तीच्या विलक्षण तेजामुळे, तर काही ठिकाणी नियमाने नेमलेल्या पदामुळे. आधुनिक राज्य तिसऱ्या प्रकारावर उभे आहे असे आपण मानतो. प्रत्यक्षात हे तिन्ही प्रकार एकाच खुर्चीत बसलेले असतात आणि ऐकणाऱ्यालाही आपण नेमके कशामुळे ऐकले ते सांगता येत नाही.

या विषयावर बोलताना स्टॅन्ली मिलग्रम यांचे प्रयोग टाळता येत नाहीत, पण त्यांचा जो भाग सर्वांना माहीत असतो तो सर्वांत कमी बोलका आहे. १९६१ पासून येल विद्यापीठात झालेल्या या प्रयोगांत सहभागी माणसाला सांगितले जाई की, भिंतीपलीकडचा ‘विद्यार्थी’ चुकला की त्याला वाढत्या तीव्रतेचे विजेचे झटके द्यायचे आहेत. झटके खोटे होते, विद्यार्थी अभिनय करत होता. सर्वाधिक प्रसिद्ध आवृत्तीत ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. इथे बहुतेक वर्णने थांबतात आणि माणूस मुळात मेंढरू आहे असा निष्कर्ष निघतो. पण मिलग्रम यांनी परिस्थिती थोडीथोडी बदलून पुष्कळ आवृत्त्या केल्या होत्या. सूचना देणारा शास्त्रज्ञ खोलीत नसून फोनवरून बोलत असेल, तर शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण साधारण पाचात एकावर येई. सोबतच्या दोन माणसांनी आधी नकार दिला, तर ४० पैकी केवळ चार जण शेवटपर्यंत गेले. आणि दोन शास्त्रज्ञ समोरासमोर बसून एक ‘चालू ठेवा’ व दुसरा ‘थांबा’ म्हणू लागला, तेव्हा एकही माणूस शेवटपर्यंत गेला नाही.

म्हणजे तोच माणूस, तेच बटण, तीच किंकाळी. बदलला तो फक्त अधिकाराचा एकसंधपणा. वरून एकच सूर येत असेल तर माणसे आपले मत गुंडाळून ठेवतात, आणि वर दोन सूर आहेत असे दिसताच त्यांना आपले मत आठवते. आणखी एक तपशील असा की, कचरणाऱ्या माणसाला पुढे ढकलण्यासाठी शास्त्रज्ञाकडे ठरावीक चार वाक्ये होती. पहिली तीन सौम्य होती, प्रयोगासाठी हे आवश्यक आहे अशा अर्थाची. चौथे वाक्य मात्र उघड हुकूम होता: तुम्हाला दुसरा पर्याय नाही, पुढे जावेच लागेल. जेरी बर्गर या मानसशास्त्रज्ञाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मर्यादित पुनर्प्रयोगात ज्यांच्यापुढे हे चौथे वाक्य उच्चारण्याची वेळ आली, त्यांच्यापैकी कुणीही पुढे गेले नाही. नागडा हुकूम माणसाला खटकतो. तोच हुकूम विज्ञानाचे, राष्ट्राचे किंवा कायद्याचे काम म्हणून आला तर खटकत नाही.

राजकारणात या गोष्टीचा परिणाम कुठे होतो, असे विचारले तर बहुतेक जण हुकूमशाहीत जनता मुकाट ऐकते, असे उत्तर देतील. ते खरे आहे, पण माझ्या मते मोठी हानी उलट दिशेने होते. हुकूम वरून खाली येतात, तशी माहिती खालून वर जात असते, आणि मान तुकवण्याची सवय ही दुसरी वाट बुजवून टाकते. साहेबांना काय ऐकायला आवडेल याचा अंदाज बांधून अहवाल लिहिले जाऊ लागले की, राज्यात सर्वांत अडाणी माणूस सर्वांत उंच खुर्चीवर बसलेला असतो.

चीनमध्ये १९५८ साली माओंच्या नेतृत्वाखाली ‘महाझेप’, म्हणजे शेती आणि उद्योगाचे उत्पादन झपाट्याने वाढवण्याची मोहीम, सुरू झाली, तेव्हा हे भयंकर प्रमाणात घडले. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी धान्याच्या विक्रमी उत्पादनाचे दावे करण्याची चढाओढ लावली. एका गावाने आकडा सांगितला की शेजारच्या गावाला त्याहून मोठा सांगणे भाग पडे, कारण कमी सांगणे म्हणजे निष्ठा कमी असणे. या दाव्यांना ‘उपग्रह सोडणे’ असे नाव पडले होते. कित्येक ठिकाणी अनेक शेतांतली भाताची रोपे उपटून एकाच शेतात दाटीवाटीने लावली जात, आणि पाहुण्यांना ते शेत दाखवले जाई. उभ्या पिकावर मुले उभी आहेत अशी छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून आली. १९५८ चे धान्योत्पादन ३७.५ कोटी टन झाल्याचे जाहीर करण्यात आले. पुढे मान्य झालेला खरा आकडा साधारण २० कोटी टन होता. सरकारने धान्याची वसुली मात्र फुगवलेल्या आकड्यांच्या आधारे केली, म्हणजे शेतकऱ्याच्या घरात जे नव्हते त्यातला वाटा मागितला.

जुलै १९५९ मध्ये लुशान इथे कम्युनिस्ट पक्षाची बैठक भरली. संरक्षणमंत्री पेंग देहुआय हे कोरियाच्या युद्धात चिनी सैन्याचे नेतृत्व केलेले, माओंचे जुने सहकारी. त्यांनी स्वतः ग्रामीण भागात फिरून परिस्थिती पाहिली होती. त्यांनी माओंना एक खासगी पत्र लिहिले आणि त्यात यशाचे रीतसर कौतुक करून मग अतिशयोक्तीच्या साथीबद्दल लिहिले. माओंनी ते पत्र छापून सगळ्या बैठकीला वाटले आणि काही दिवसांनी त्यावर जाहीर हल्ला चढवला. पेंग पदावरून गेले, पाठोपाठ ‘उजव्या प्रवृत्ती’विरुद्ध मोहीम निघाली, आणि खाली प्रत्येक स्तरावर खरे बोलण्याची शिक्षा काय असते ते सर्वांना कळले. दुष्काळ आणखी सुमारे दोन वर्षे चालला. मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांनी स्वतंत्र वृत्तपत्रे आणि निवडणुका असलेल्या देशात मोठा दुष्काळ पडत नाही असे मांडले, तेव्हा त्यांच्यापुढे हेच उदाहरण होते. तिथे सरकारला आपली चूक कळवणारी यंत्रणाच उरली नव्हती.

याचीच एक अधिक सूक्ष्म तऱ्हा म्हणजे न दिलेल्या हुकमाचे पालन. फेब्रुवारी १९३४ मध्ये प्रशियाच्या कृषी मंत्रालयातील वेर्नर विलिकेन्स या अधिकाऱ्याने एका भाषणात सांगितले की, फ्यूररला, म्हणजे हिटलरला, प्रत्येक गोष्टीचा आदेश वरून देणे शक्य नाही, त्यामुळे त्याला जे हवे असेल त्या दिशेने काम करत राहणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. इतिहासकार इयान कर्शॉ यांनी हे वाक्य नाझी राज्ययंत्रणा समजून घेण्याची किल्ली मानले. हुकूम नसल्यामुळे तो लेखी सापडत नाही, आणि प्रत्येक कनिष्ठ वरिष्ठाच्या मनातले ओळखून त्याच्याही दोन पावले पुढे जातो. ‘वरून आदेश आहेत’ हे वाक्य जितक्या वेळा उच्चारले जाते, तितक्या वेळा वरून खरोखर काही आलेले असतेच असे नाही.

कायद्यात हा सारा मामला वेगळ्या रीतीने येतो, कारण तिथे मान तुकवणे लपवावे लागत नाही. तो कामकाजाचा भाग आहे. खालचे न्यायालय वरच्या न्यायालयाचा निर्णय मानते, न्यायाधीश पूर्वीच्या निवाड्यांना बांधलेला असतो, आणि धोरणाच्या प्रश्नात न्यायालये निवडून आलेल्या सरकारपुढे बहुधा हात आखडता घेतात. प्रश्न असतो तो किती, आणि कशाच्या बदल्यात, इतकाच.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये एक नियम होता: एखादी व्यक्ती शत्रूशी संबंधित आहे असे मानण्यास गृहमंत्र्यांकडे वाजवी कारण असेल, तर तिला खटल्याविना स्थानबद्ध करता येईल. १९४१ च्या लिव्हरसिज विरुद्ध अँडरसन या खटल्यात प्रश्न आला की, ते कारण वाजवी आहे की नाही हे न्यायालयाने तपासायचे का? त्या काळी ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालयही असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या बहुमताने सांगितले की, मंत्र्यांना आपल्याकडे वाजवी कारण आहे असे प्रामाणिकपणे वाटणे पुरेसे आहे. लॉर्ड ॲटकिन एकटे विरोधात गेले. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे बदलत नसतो, असे सांगताना त्यांनी बालकथेतल्या हम्प्टी डम्प्टीचा दाखला दिला, आणि काही न्यायाधीश कार्यकारी मंडळापेक्षाही अधिक कार्यकारी वृत्तीचे झाले आहेत असा टोला हाणला. सहकाऱ्यांना तो बराच काळ बोचला. १९७९ मध्ये त्याच सभागृहात लॉर्ड डिप्लॉक यांनी मान्य केले की त्या वेळचे बहुमत चुकले होते आणि ॲटकिन बरोबर होते.

मधल्या काळात मात्र त्या बहुमताचे लांबवर पडसाद उमटले. भारतात आणीबाणीच्या काळात, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या प्रकरणात चार विरुद्ध एक असा निर्णय दिला की, स्थानबद्ध व्यक्तीला आपली अटक बेकायदा आहे असे म्हणून न्यायालयात दाद मागता येणार नाही. बहुमताने ज्या आधारांवर भिस्त ठेवली त्यांत लिव्हरसिजही होता. विरोधी निकाल देणारे न्यायमूर्ती हंस राज खन्ना यांची ज्येष्ठता डावलून जानेवारी १९७७ मध्ये दुसऱ्या न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काच्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जबलपूरचा निर्णय रद्दबातल ठरवला. त्यातला तो भाग लिहिला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. १९७६ च्या चौघांपैकी एक होते त्यांचे वडील, न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड.

ही दोन्ही उदाहरणे टोकाच्या काळातली आहेत. रोजच्या कारभारात प्रश्न अधिक कोरडा आणि म्हणूनच अधिक कठीण असतो. अमेरिकेत १९८४ च्या शेव्हरॉन खटल्यापासून नियम असा होता की, कायद्यातला एखादा शब्द संदिग्ध असेल आणि संबंधित सरकारी संस्थेने त्याचा लावलेला अर्थ वाजवी असेल, तर न्यायालयाने तो स्वीकारावा, स्वतःला दुसरा अर्थ अधिक योग्य वाटत असला तरी. त्या खटल्यात हरले होते पर्यावरणवादी, आणि नियम सैल करणाऱ्या सरकारचा फायदा झाला होता. चाळीस वर्षांत वारे फिरले, आणि नियम कडक करणाऱ्या संस्थांना आवर घालू पाहणाऱ्यांनी हाच निर्णय उलटवण्याचा चंग बांधला. २८ जून २०२४ रोजी, हेरिंग मासेमारी करणाऱ्या बोटींच्या मालकांनी नेलेल्या लोपर ब्राइट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शेव्हरॉन मोडीत काढला. कायद्याचा अर्थ लावणे हे न्यायाधीशांचे काम आहे, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिले. यामुळे अधिकारशरणता संपली असे मात्र म्हणता येत नाही. तज्ज्ञ अधिकाऱ्यासमोर झुकणारी मान आता न्यायाधीशासमोर झुकणार, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि न्यायाधीशाला मासळीबद्दल त्या अधिकाऱ्यापेक्षा अधिक कळते असा दावा कुणी केलेला नाही.

मला स्वतःला या वादात एक जुना, कमी गाजलेला निर्णय अधिक शहाणा वाटतो. १९४४ च्या स्किडमोर खटल्यात न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिले की, सरकारी संस्थेच्या मताला न्यायालयाने किती वजन द्यावे, हे त्या संस्थेने प्रश्नाचा किती कसून विचार केला, तिची कारणमीमांसा किती भक्कम आहे आणि तिने पूर्वी घेतलेल्या भूमिकेशी ती सुसंगत आहे का, यावर ठरावे. म्हणजे खुर्चीचा मान आहेच, पण तो कारणांच्या वजनाने मोजून मिळेल. कॅनडात विधिज्ञ डेव्हिड डायझेनहाउस यांनी हाच भेद आदर म्हणून मान देणे आणि शरण जाणे असा केला, आणि १९९९ च्या बेकर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलला. त्या प्रकरणात कॅनडात अनेक वर्षे घरकाम करून राहिलेल्या एका जमैकन आईने देशाबाहेर न घालवण्याची विनंती केली होती. ती नाकारल्याचे पत्र आले, त्यावर वरिष्ठ अधिकाऱ्याची सही होती, आणि कारण एकही नव्हते. मागणी केल्यावर कनिष्ठ अधिकाऱ्याची टिपणे हाती आली. त्यांत तिच्या मुलांच्या संख्येवर ठळक मोठ्या अक्षरांत शेरे मारलेले होते. कनिष्ठाच्या पूर्वग्रहावर वरिष्ठाने सही केली होती, आणि कारणे मागितली नसती तर त्या सहीलाच तज्ज्ञाचा निर्णय म्हणून मान मिळाला असता. न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

हुकूम पाळला म्हणून मी निर्दोष, हा बचाव १९४५ च्या लंडन सनदेने न्यूरेम्बर्गच्या खटल्यातील नाझी आरोपींपुरता बंद केला. फार तर शिक्षा कमी करताना त्याचा विचार होऊ शकत होता. पश्चिम जर्मनीने १९५६ मध्ये नवे सैन्य उभारताना त्यापुढचे पाऊल टाकले. तिथल्या सैनिकांविषयीच्या कायद्यानुसार मानवी प्रतिष्ठेचा भंग करणारा हुकूम न पाळणे ही अवज्ञा ठरत नाही, आणि ज्यातून गुन्हा घडेल असा हुकूम पाळण्यास मनाई आहे. क्योपेनिकच्या शिपायांना असे काही कुणी शिकवले नव्हते.

संस्कृतीबद्दल बोलताना थोडे जपून बोलावे लागते, कारण इथे सोप्या उत्तरांची रेलचेल आहे. भाषेत अधिकार रुतलेला असतो हे खरे. मराठीत तू, तुम्ही आणि आपण यांतून निवड केल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. जावाच्या भाषेत श्रेष्ठाशी बोलताना सर्वनामच नव्हे तर बराचसा शब्दसंग्रहच बदलतो. स्वीडनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समोरच्या वरिष्ठाला सरळ ‘तुम्ही’ म्हणणेही अवघडल्यासारखे असे; ‘संचालकांना कॉफी हवी आहे का?’ असे त्यालाच तृतीय पुरुषात विचारावे लागे, आणि पदवी ठाऊक नसेल तर वाक्याची मोडतोड करून कर्ताच टाळावा लागे. १९६७ मध्ये तिथल्या वैद्यकीय मंडळाचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी आपण सर्वांना ‘तू’ म्हणणार असल्याचे जाहीर केले, आणि काही वर्षांत सारा देश त्या वळणावर गेला. सर्वनाम बदलल्याने पदांची उतरंड नाहीशी होत नाही. पण वाक्याची सुरुवात कशी करावी या चिंतेत ज्याचा अर्धा वेळ जात होता, त्याला शंका विचारायला थोडा अवकाश मिळतो.

अमुक संस्कृती आज्ञाधारक आणि तमुक संस्कृती बंडखोर, ही विभागणी मात्र फार टिकत नाही. कन्फ्यूशियसची परंपरा आज्ञापालनाची म्हणून ओळखली जाते, पण पितृभक्तीवरच्या त्या परंपरेतल्या प्राचीन ग्रंथात पिता चुकत असेल तर त्याला विरोध करणे हे पुत्राचे कर्तव्य सांगितले आहे. सम्राटाच्या चुका दाखवणे हे चिनी दरबारात एक नेमलेले काम होते. तांग सम्राट ताइत्सुंग याला तोंडावर सुनावणारा मंत्री वेई जंग ६४३ साली वारला, तेव्हा आपला एक आरसा हरपला असे सम्राट म्हणाल्याची नोंद आहे.

उलट बाजूचे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ खेर्ट होफस्टेडे यांनी एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारून ‘सत्तेचे अंतर’ मोजण्याचा प्रयत्न केला. वरिष्ठांशी मतभेद व्यक्त करायला कर्मचारी किती वेळा कचरतात, हा त्यांतला एक प्रश्न होता. त्या मोजपट्टीवर नेदरलँड्स खालच्या बाजूला येतो, म्हणजे तिथे साहेबाशी वाद घालणे सोपे मानले जाते. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात केएलएम या डच कंपनीचे ७४७ विमान धावपट्टीच्या टोकाला उभे होते, आणि त्याच धावपट्टीवर पॅन अम या अमेरिकी कंपनीचे विमानही होते. केएलएमचे कॅप्टन हे कंपनीचे ज्येष्ठ प्रशिक्षक होते. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची ७४७ साठीची परीक्षा त्यांनीच काही काळापूर्वी घेतली होती. कॅप्टनने विमान पुढे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा नियंत्रण कक्षाची परवानगी अजून आलेली नाही, असे सहवैमानिकाने त्यांना थांबवून सांगितले. कॅप्टन थांबले. परवानगीचा संवाद अर्धवट आणि गोंधळाचा झाला, दोन संदेश रेडिओवर एकाच वेळी आदळले, आणि कॅप्टन पुन्हा निघाले. या वेळी सहवैमानिक त्यांना अडवायला धजावला नाही. मागे बसलेल्या अभियंत्याला रेडिओवरच्या बोलण्यातून शंका आली आणि त्याने विचारले: ते पॅन अमचे विमान धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही का? कॅप्टनने ठामपणे ‘हो, झाले आहे’ असे उत्तर दिले. अभियंता गप्प बसला. काही सेकंदांत दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली.

शंका मनात होती, ती तोंडातूनही निघाली होती, पण ती प्रश्नाच्या रूपात निघाली. ‘थांबा’ हा शब्द निघाला नाही. राष्ट्रीय स्वभावाने कितीही मोकळीक दिली तरी त्या छोट्याशा खोलीतली उतरंड वेगळी होती, आणि धुक्यात माणूस आपल्या देशाच्या सरासरीप्रमाणे वागत नाही. १९७९ मध्ये नासाने या विषयावर परिषद भरवली आणि त्यानंतर हवाई कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दोन गोष्टी शिकवायला सुरुवात केली: कनिष्ठाने शंका स्पष्ट विधान म्हणून कशी मांडावी, आणि वरिष्ठाने ती कशी मागून घ्यावी. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा होता, कारण विरोध करण्याची सारी जोखीम कनिष्ठाच्या गळ्यात घालून धैर्याची प्रवचने देणे हा वरिष्ठांचा जुना उद्योग आहे.

ही जोखीम माणसावरून काढून पदावर टाकण्याची युक्ती पुष्कळ जुनी आहे. कॅथलिक चर्चमध्ये एखाद्याला संत घोषित करण्यापूर्वी त्याच्याविरुद्ध युक्तिवाद करणारा एक अधिकारी १५८७ पासून नेमलेला असे. ‘सैतानाचा वकील’ हे त्याचे लोकांनी ठेवलेले नाव. त्याने विरोध केला तर कुणाचा अवमान होत नसे, कारण विरोध न करणे हीच त्याची कामचुकारी ठरली असती. १९८३ मध्ये या पदाची भूमिका बरीच पातळ करण्यात आली.

याहून साधी तरतूद ज्यूंच्या मिश्ना या विधिसंहितेत आहे. पैशाच्या वादात न्यायाधीशांची मते ज्येष्ठापासून घेतली जावीत, पण जिथे आरोपीचा जीव पणाला लागला आहे तिथे काठावर बसलेल्यांपासून, म्हणजे कनिष्ठांपासून सुरुवात करावी, जेणेकरून ज्येष्ठाचे मत ऐकून त्यावर ‘मम’ म्हणण्याची पाळी कुणावर येऊ नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बंद दाराआडच्या चर्चेत आजही उलटा क्रम आहे. आधी सरन्यायाधीश बोलतात, मग ज्येष्ठतेप्रमाणे बाकीचे. सर्वांत नव्या न्यायमूर्तींची पाळी शेवटी येते, आणि दारावर टकटक झाली तर उठून दार उघडण्याचे कामही त्यांच्याकडेच असते.